गोळ्या जरूर सोडा, पण अशा नाही

वाचकाचं पत्र

डॉक्टर, माझं वय ४३. तीन वर्षांपूर्वी मला छातीत धडधडणं, श्वास अडकल्यासारखं होणं, आता काहीतरी भयंकर घडणार अशी भीती, असे झटके यायला लागले. सगळ्या तपासण्या ठीक आल्या. मानसोपचारतज्ज्ञांनी क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम सकाळ-रात्र आणि एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम रोज एक, अशा गोळ्या दिल्या. दोन-तीन महिन्यांत खूप फरक पडला. तेव्हापासून त्याच चालू होत्या. गेलं वर्षभर डॉक्टरांकडे गेलेच नाही, जुन्याच चिठ्ठीवर घेत राहिले.

गेल्या आठवड्यात थोरली बहीण म्हणाली, "तुला या गोळ्यांचं व्यसन लागलंय. मन घट्ट कर आणि सोडून दे." मला ते फार लागलं. त्याच रात्रीपासून दोन्ही गोळ्या बंद केल्या. पहिले दोन दिवस छान गेले, उलट स्वतःचा अभिमान वाटत होता. तिसऱ्या दिवसापासून झोप उडाली. हात थरथरतात, घाम फुटतो, साधा दरवाजा आपटला तरी दचकायला होतं, दिव्याचा उजेड डोळ्यांत खुपतो. मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं होतं. आज सहावा दिवस आहे.

माझा आजार परत आलाय का? पाच दिवस काढलेत, आता गोळी घेतली तर सगळं वाया जाईल ना? अजून किती दिवस सोसायचं? आणि खरं सांगा, मला व्यसन लागलंय का?

उत्तर

तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी तुम्हाला थोडक्यात कळवलं होतं. आजच्या आज तुमच्या डॉक्टरांना गाठा. ते भेटत नसतील तर जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. एकट्या जाऊ नका आणि स्वतः गाडी चालवू नका. तो सल्ला इथे पुन्हा लिहितेय, कारण तुमच्यासारख्याच अवस्थेत दात-ओठ आवळून दिवस ढकलणारं आणखी कोणी हे वाचत असेल. त्यांनीही आधी तेवढं करावं, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

तुमच्या चार प्रश्नांपैकी मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती दुसऱ्याची. "पाच दिवस काढलेत, आता घेतली तर वाया जाईल." हा विचार माणसाला धोक्यात ढकलतो. क्लोनाझेपामच्या बाबतीत दिवस जितके जास्त काढाल तितकं सुरक्षित, असं गणित नाही. हे औषध शरीरातून हळूहळू बाहेर पडतं. त्याचं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण ३० ते ४० तास लागतात. म्हणूनच तुमचे पहिले दोन दिवस छान गेले. तो निर्धाराचा परिणाम नव्हता, औषध अजून अंगात शिल्लक होतं. ते संपत आलं तशी लक्षणं उगवली. अल्प्राझोलाम किंवा लोराझेपामसारखी कमी काळ टिकणारी गोळी असती तर हेच सारं पहिल्या-दुसऱ्या दिवशी सुरू झालं असतं.

यातला खरा धोका फिट्सचा, म्हणजे झटके येऊन शुद्ध हरपण्याचा आहे. हे आजचं ज्ञान नाही. क्लोनाझेपाम ज्या गटात मोडतं त्या बेन्झोडायझेपिन गटातलं पहिलं औषध, क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० मध्ये बाजारात आलं. लगेच पुढच्या वर्षी अमेरिकेतले डॉक्टर लिओ हॉलिस्टर यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णालयात राहणाऱ्या ज्या रुग्णांना हे औषध बरेच महिने मोठ्या मात्रेत दिलं जात होतं, त्यांपैकी ११ जणांचं औषध एकदम थांबवून त्यांना औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी दिली गेली. त्यांपैकी १० जणांना त्रास झाला आणि दोघांना फिट्स आल्या, त्याही सातव्या-आठव्या दिवशी. त्यांची मात्रा तुमच्यापेक्षा खूपच मोठी होती, हे आवर्जून सांगते. तुम्हाला फिट येईलच असं मुळीच नाही. पण सहाव्या दिवशी "वाईट होतं ते होऊन गेलं" असंही मी म्हणू शकत नाही. गोळी दिसायला एवढीशी असली तरी तिला किरकोळ समजू नका. १ मिलिग्रॅम क्लोनाझेपाम म्हणजे ढोबळमानाने १० ते २० मिलिग्रॅम डायझेपाम, आणि तेवढी मात्रा तुम्ही तीन वर्षं रोज घेत होता.

पुढची लक्षणं दिसली तर कुणाच्याही परवानगीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचं. फिट येणं, बोलण्यात किंवा ओळखण्यात गोंधळ होणं, नसलेलं दिसणं किंवा ऐकू येणं, जोराचा ताप, बेशुद्धी, छातीत दुखणं, आणि जगणं नकोसं वाटणं किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार. यातलं शेवटचं लोक लाजून सांगत नाहीत. औषध एकदम तुटल्यावर असे विचार येऊ शकतात, हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे. ते बोलून दाखवण्यात तुमचा कसलाच कमीपणा नाही. घरच्यांनाही एक सांगून ठेवा. फिट आलीच तर कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करायच्या, तोंडात काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर रुग्णवाहिका बोलवायची. पहिल्यांदाच फिट आली असेल तर ती थांबली तरी रुग्णालयात न्यायचं.

डॉक्टर बहुधा तुम्हाला औषध पुन्हा सुरू करायला सांगतील, आधीच्याच मात्रेत किंवा थोड्या कमी मात्रेत, आणि लक्षणं शमली की तिथून उतरण सुरू करतील. किती मात्रेपासून सुरू करायचं हे त्यांना ठरवू द्या, कारण मध्ये गेलेले दिवस, तुमची बाकीची औषधं, यकृताची अवस्था, वय या साऱ्याचा त्यात विचार असतो. तोवर दारूने झोप आणण्याचा प्रयत्न करू नका आणि दुसऱ्या कुणाची झोपेची गोळी मागून घेऊ नका. दारू आणि या गोळ्या मेंदूवर जवळपास एकाच दिशेने काम करतात. दोन्ही एकत्र झाल्या तर श्वास मंदावण्याचा धोका असतो.

आता आजार परत आला का, ते पाहू. तुमच्या पत्रातच याचं बरंचसं उत्तर आहे. तीन वर्षांपूर्वी तुम्हाला धडधड, श्वास अडकणं आणि भीती होती. उजेड खुपत नव्हता, आवाजाने दचकायला होत नव्हतं, मान वळवल्यावर करंट लागत नव्हता. ही लक्षणं नवी आहेत आणि ती गोळी थांबवल्यावर काही दिवसांतच आली. मूळ आजार परततो तेव्हा तो बहुधा आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, हळूहळू आणि जुन्याच रूपात येतो. औषध तुटल्याचा त्रास दिवसांत येतो, कमी-जास्त होत राहतो, आणि औषध पुन्हा दिलं की बऱ्याचदा लवकर ओसरतो. या दोहोंच्या मधला एक प्रकारही असतो. जुनीच भीती पूर्वीपेक्षा दुप्पट जोराने उसळून येते आणि मग ओसरते. तुमच्या थरथरीत आणि निद्रानाशात त्याचाही वाटा असेल. हा फरक मी इतका लांबवून सांगतेय कारण इथेच असंख्य माणसं फसतात. गोळी तोडतात, चार दिवसांत हाल होतात, आणि "बघा, गोळीशिवाय मी जगूच शकत नाही" असा निष्कर्ष काढून जन्मभर ती घेत राहतात. त्या चार दिवसांवरून फक्त एवढंच कळतं की गोळी चुकीच्या वेगाने थांबवली. गोळीची गरज उरली आहे की नाही, ते त्यावरून कळत नाही.

मेंदूत असं होतं तरी का? मज्जापेशींची उत्तेजना आवरणारं गाबा नावाचं एक रसायन मेंदूत असतं. तो मेंदूचा ब्रेक समजा. क्लोनाझेपाम स्वतः ब्रेक नाही, ते त्या ब्रेकवर ठेवलेला दुसरा पाय आहे. गाबाचा परिणाम ते वाढवतं. हा जादाचा दाब महिनोन्महिने राहिला की मेंदू जुळवून घेतो. गाबाला प्रतिसाद देणारी यंत्रणा मंदावते आणि उत्तेजना वाढवणारी बाजू जोर धरते. अशा अवस्थेत दुसरा पाय अचानक उचलला की काही काळ मेंदूला आवरणारं पुरेसं काही उरत नाही. थरथर, घाम, झोप उडणं, उजेड-आवाज असह्य होणं आणि टोकाला गेलं तर फिट, हे सारं त्या अनावर उत्तेजनेचं रूप आहे. यंत्रणा पुन्हा मूळपदावर येते, पण तिला आठवडे आणि महिने लागतात. औषध सावकाश कमी करायचं ते तिला तेवढा अवधी मिळावा म्हणून.

डोक्यातला करंट मात्र बहुधा एस्सिटालोप्राम तुटल्याचा आहे. हे औषध सेरोटोनिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनावर काम करणाऱ्या वेगळ्या गटातलं. ते अचानक थांबवल्यावर चक्कर, मळमळ, विचित्र स्वप्नं, चिडचिड, रडू येणं आणि हे करंट असा त्रास काहींना होतो. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन या बाबतीत जास्त त्रासदायक, तर फ्लुओक्सेटिन शरीरात फार काळ रेंगाळत असल्यामुळे तुलनेने सौम्य. २०२४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या मोठ्या विश्लेषणात असं दिसलं की अशी औषधं थांबवणाऱ्या साधारण सहा-सात जणांपैकी एकाला निव्वळ औषध थांबल्यामुळे त्रास होतो, आणि तीव्र त्रास होणारे १०० मध्ये तीनच्या आसपास असतात. म्हणजे घाबरून जावं असं नाही आणि "मनाचे खेळ" म्हणून उडवून लावावं असंही नाही. या करंटने जिवाला धोका होत नाही. मला चिंता आहे ती क्लोनाझेपामची. तुम्ही दोन्ही एकाच रात्री तोडल्यामुळे दोन वेगळे त्रास एकमेकांत मिसळले आहेत. दोन्ही सोडायच्याच असतील तर एका वेळी एक. बऱ्याचदा आधी क्लोनाझेपाम उतरवतात आणि तोवर एस्सिटालोप्राम आधाराला ठेवतात.

व्यसनाचं बहिणीचं बोलणं तुम्हाला लागलं. ते लागण्यासारखंच होतं आणि माझ्या मते ते चुकीचंही होतं. शरीराला औषधाची सवय होणं ही एक गोष्ट, व्यसन ही वेगळी. व्यसनात माणूस मात्रा वाढवत जातो, लपवतो, नुकसान दिसत असूनही थांबू शकत नाही, दिवसभर त्याच्याच मागे असतो. तुम्ही तीन वर्षं तेवढीच मात्रा घेतलीत आणि घरदार सांभाळलंत. तुमच्या शरीराने औषधाशी जुळवून घेतलं, इतकंच. चिंतेच्या थरथरीवर प्रोप्रॅनोलॉल नावाचं औषधही देतात. ते मुळात हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांचं औषध. तेही अचानक थांबवलं तर नाडी उसळते आणि हृदयविकार असलेल्याच्या छातीत दुखायला लागू शकतं. पण रक्तदाबाच्या रुग्णाला कुणी व्यसनी म्हणत नाही, मन घट्ट कर असंही सांगत नाही. मनाच्या औषधांनाच हा डाग का लागावा? त्या डागापोटी लोक चोरून गोळ्या घेतात आणि चोरूनच तोडतात, आणि हे तोडणं जिवावर बेतू शकतं, म्हणून मला याचा मनापासून राग येतो.

राग डॉक्टरांवरही आहे, माझ्याच व्यवसायातल्या लोकांवर. क्लोनाझेपामच्या गटातली औषधं दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत, असा सल्ला ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने १९८८ मध्येच दिला होता. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये या साऱ्या गोळ्यांवरची ठळक चेतावणी आणखी कडक केली: सांगितल्याप्रमाणे घेतली तरी शरीराला सवय लागू शकते आणि अचानक थांबवल्यास जिवाला धोका होऊ शकतो. पहिली चिठ्ठी लिहितानाच "ही कधी आणि कशी थांबवायची" हे तुम्हाला सांगायला हवं होतं. ते कुणी सांगितलं नाही, त्याचा दोष तुमच्याकडे येत नाही. मात्र वर्षभर जुन्या चिठ्ठीवर गोळ्या घेत राहणं आता थांबवा. त्यामुळे कमी करण्याचा विषय निघायची संधीच गेली.

गोळ्या कमी कराव्यात ही तुमची इच्छा मला योग्य वाटते. तीन वर्षं झाली आहेत, तब्येत बराच काळ स्थिर होती, आणि क्लोनाझेपाम वर्षानुवर्षं घेण्याचं औषध नव्हे. उतार किती सावकाश हवा याची कल्पना यावी म्हणून सांगते. अमेरिकेतल्या व्यसनमुक्ती वैद्यक संघटनेने इतर वैद्यकीय संघटनांच्या साथीने २०२५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शनात सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के मात्रा कमी करण्याचा विचार सुचवला आहे, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून जास्त कपात सहसा करू नये असं म्हटलं आहे. रोजच्या १ मिलिग्रॅमवर हे लावून पाहिलं तर कित्येक महिने लागतील, कदाचित वर्षही. ऐकून धसका बसला असेल. पण तुम्ही तीन वर्षं घेतलेली गोष्ट सहा-आठ महिन्यांत सोडणार असाल तर तो उशीर नव्हे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला डॉक्टर हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात खास या गोळ्या सोडवण्यासाठी दवाखाना चालवला. त्यांचा भर यावरच होता की वेग रुग्णाने ठरवावा आणि डॉक्टरांनी सोबत राहावं.

शेवटचा टप्पा अनेकांना सर्वांत जड जातो. "आता चिमूटभरच उरली, सोडून टाकू" असं वाटतं तिथेच गडबड होते. एस्सिटालोप्रामच्या गटाबद्दल मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये हे नीट मांडलं. मात्रा आणि मेंदूवरचा परिणाम यांचं प्रमाण सरळ नसतं. मोठ्या मात्रेत केलेली कपात मेंदूला फारशी जाणवत नाही, तेवढीच कपात छोट्या मात्रेत केली तर मोठा धक्का बसतो. म्हणून जसजसं खाली याल तसतशी पावलं आणखी छोटी हवीत. क्लोनाझेपामच्या ०.२५ मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात, त्या कामी येतात. हळूहळू विरघळणाऱ्या, दीर्घ परिणामाच्या गोळ्या किंवा कॅप्सूल असतील तर त्या तोडू किंवा कुटू नका, सगळं औषध एकदम सुटतं. एक दिवस घ्यायची, एक दिवस नाही, असा उतारही करू नका. त्यात मेंदूला दर दिवसाआड तोच धक्का बसतो.

एखाद्या पायरीवर त्रास वाढला तर तिथेच थांबायचं. आणखी दोन आठवडे तीच मात्रा, हवं तर महिनाभर. याला कुणी माघार म्हणो, मी म्हणणार नाही. सोबत विचार आणि वागणं यांवर काम करणारी संवादोपचार पद्धती, म्हणजे सीबीटी, जरूर सुरू करा. धडधड झाली की "आता मरणार" हा जो अर्थ मन लावतं त्यावर ती काम करते, आणि गोळी कमी करताना तिची साथ असली तर यश येण्याची शक्यता वाढते. तीन वर्षांपूर्वी तुम्हाला गोळ्यांनी उभं केलं, पण भीतीचा झटका आला तर काय करायचं हे कुणी शिकवलं नसावं, असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

डॉक्टरांकडे जाताना उरलेल्या गोळ्या आणि जुनी चिठ्ठी सोबत न्या. शेवटची गोळी कधी घेतली आणि कोणत्या दिवशी काय झालं हे कागदावर लिहून न्या, झोप नसताना बोलताना विसरायला होतं. सरळ सांगा: "मला या गोळ्या सावकाश कमी करायच्या आहेत, मला लेखी वेळापत्रक द्या, आणि मध्ये त्रास वाढला तर कुणाशी बोलायचं तेही सांगा." कुणी "घ्या की आयुष्यभर, काय बिघडतं" म्हणालं किंवा "उद्यापासून बंद" म्हणालं, तर दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्या. पुढे कधी शस्त्रक्रिया ठरली किंवा दुसऱ्या आजारासाठी रुग्णालयात राहावं लागलं तर या गोळ्यांबद्दल तिथे आधी सांगा. अशा वेळी नकळत त्या तुटतात. प्रवासात संपल्या, चिठ्ठी हरवली, अशीही कारणं असतात, म्हणून आठवडाभराचा साठा हाताशी असू द्या. एखादी मात्रा विसरलात तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका.

बहिणीशी भांडू नका. तिला तुमची काळजी आहे, फक्त तिला ही माहिती नव्हती. तिलाच सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि पुढच्या काही रात्री तुमच्याजवळ झोपायला सांगा. मात्रा पुन्हा बसेपर्यंत तुम्ही एकट्या असू नये, गाडी चालवू नये, उंचावर चढू नये आणि आंघोळीला जाताना दाराला आतून कडी लावू नये.